आरी

कोशात एवढंच आहे :
आरी. स्त्रीलिंगी नाम.
उन्हाळी चराईच्या रानातली झोपडी.

शब्द तपासत मी लुईस बेटावर पोचलो तेव्हा
ऑयरिक मॅकॉलेबाई मेंढीची खुरं कापत बसल्या होत्या.
"झोपडीत माणूस राहतं," त्या म्हणाल्या,
"आरीत आम्ही जायचो."
फरक विचारला,
तर त्यांनी मेंढीचा दुसरा पाय उचलला.

मग हळूहळू, खुरांच्या मधेमधे :
मे महिन्यात गाई पुढे, पोरी मागे,
आणि छप्पर पाठीवर.
बेटावर झाड नाही, वाशाला सोन्याचा भाव,
म्हणून वासे दरसाल न्यायचे, दरसाल आणायचे.
हिवाळाभर भिंती नुसत्याच उभ्या,
दगडाच्या, गवतासकट कापलेल्या मातीच्या.
आत हेदरचं अंथरूण,
भिंतीत दुधाच्या वाडग्यांपुरते कोनाडे.
आणि दारं दोन, समोरासमोर.
वारा ज्या अंगाचा, ते ढेकळांनी बुजवायचं,
दुसऱ्यातून ये-जा.
"म्हणजे पुढचं दार कोणतं?"
"ते वारा सांगायचा."

कुणी ताटावर बसून हरवलं
की आई म्हणायची, "ही गेली आरीत."
हा अर्थ कोशात नाही.
मी समासात लिहून घेतला.

थोरली शोनाक कॅनडाला गेली.
अकरा खोल्या, तळघर, गाड्यांना वेगळं घर.
तिची पत्रं इंग्रजीत यायची, नीटनेटकी,
शेवटच्यात मात्र मधेच एक ओळ गेलिकमध्ये :
काल रात्री आरीत धूर फार झाला होता.
"ही ओळ जावयाला वाचता आली नाही," बाई म्हणाल्या,
"बरं झालं."

दुपारी म्हणाल्या, ते यंत्र इथेच ठेवा, चला.
दोन तास चिखल, तपकिरी माळ,
आणि मधेच एक हिरवा तुकडा, डोळ्यांत भरणारा.
ऐंशी वर्षांपूर्वीचं शेण अजून उगवतंय.
भिंती गुडघ्याएवढ्याही नव्हत्या.
मी सरळ आत पाऊल टाकणार,
तर मागून आवाज आला :
"तिथून नको."

बाईंनी गाल वर केला, जरा थांबल्या,
आणि दगडांना पूर्ण वळसा घालून
पलीकडून
किंचित वाकून
आत आल्या.