कृपया डिस्क घाला

बिटको चौकातून आत, दुसऱ्या गल्लीत,
झेरॉक्सवाल्याच्या मागे माझं दुकान.
लोक दारातूनच विचारतात, "भाऊ नाहीत का?"
भाऊ नाहीत. भाऊ कधीच नव्हते.
मी आहे, पेचकस आहे
आणि डिसेंबरात दहा वाजेपर्यंत न उघडणारी बोटं.

पुष्पलताबाई लवटे देवळालीगावातून रिक्षानं आल्या.
शाल सीपीयूला, स्वतःला नाही.
"ताटली आत घेतं, गुरगुरतं, आणि जेवायचं नाही म्हणतं.
आमच्या नातवाचंही हेच."

आधी नेहमीचं.
केबल काढली, फुंकली, दुसरी लावून पाहिली.
डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह होतं,
रजिस्ट्रीतल्या दोन जुन्या ओळी पुसल्यावर गेलं.
ड्राइव्ह दिसू लागला. डिस्क दिसेना.
कट्. कट्. घुर्र. कट्.
आणि पडद्यावर तेच अदबशीर वाक्य:
कृपया डिस्क घाला.
अरे बाबा, घातलीय की.

मग ट्रेच रुसला. बाहेर येईना.
पेपरक्लिप सरळ करून त्या बारीक भोकात खुपसली,
हातानं ओढून काढला, झाकण खोललं.
आत रबरी पट्टा, करंगळीतल्या अंगठीएवढा,
सैल. पंधरा वर्षं ताणून दमलेला.
असला पट्टा आता शालिमारला मिळत नाही,
मुंबईलाही नाही.
समोरच्या टपरीवर कपभर उकळतं पाणी मागितलं,
चहा नको म्हटल्यावर पोऱ्या बघतच राहिला.
पाच मिनिटं बुडवला. आक्रसला थोडा.
थोडा पुरतो.

राहिली लेन्स.
मुगाच्या डाळीएवढं भिंग, त्यावर
उदबत्तीचा धूर, फोडणीचा चिकट थर.
कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दाराशी असणार,
न विचारता कळलं.
कानात घालायचा बड, स्पिरिटचा एक थेंब,
मधून बाहेर, गोल गोल, श्वास रोखून,
कारण नाशिकरोडच्या थंडीत
नुसत्या श्वासानं भिंग धुरकटतं.

डिस्कवरची मार्करची अक्षरं अर्धी उडालेली:
लवटे डी. के., १४-११-०९.
मला वाटलं, कुणाचा साखरपुडा असेल.

प्रेसचा भोंगा झाला आणि डिस्क फिरली.
आधी अडखळत, मग गिरणीचा पट्टा चढावा तशी.
पडदा करडा. पुसट फासळ्या. एक बारीक तार.
आणि एकदम काळी शाई धावली फांद्याफांद्यांतून,
फांद्या आखडल्या, सुटल्या, आखडल्या,
शाई विरली.
पुन्हा पहिल्यापासून.

अँजिओग्राफी. नऊ क्लिपा, चार-चार सेकंदांच्या.

"हेच," त्या म्हणाल्या.
"आमच्या लग्नात व्हिडिओवाला परवडला नाही.
पोरांच्या लग्नात हे सगळा वेळ आचाऱ्यापाशी.
हलताना एवढेच सापडतात."
खुर्ची पुढे ओढली त्यांनी. चष्मा कपाळावर चढवला.
"आवाज नाही येत का गं?"
नाही काकू, यात आवाज नसतोच.
"बरोबर. यांचं असंच.
नोटा छापून यायचे, हात धुवायचे, जेवायचे.
आत काय चाललंय, कधी सांगितलं नाही."

मी सगळ्याचा व्हिडिओ करून पेनड्राइव्हवर दिला.
म्हटलं, मोबाइलवर दिसेल, आता याची गरज नाही.
पेनड्राइव्ह त्यांनी चिल्लरीत टाकला.
"आणि हे? हे चालेल ना अजून?"
चालेल. थंडीत वेळ लागेल. गुरगुरेल.
"गुरगुरू दे."

पट्टा उकळणे, लेन्स पुसणे: दोनशे.
दीडशे दिले, पन्नास गुरुवारी म्हणाल्या.
ट्रे उघडाच राहिला होता.
जाता जाता त्यांनी तो एका बोटानं,
झोपलेल्याच्या खोलीचं दार लोटावं तसा,
आत ढकलला.

ट्रे असा ढकलू नये, बटण दाबावं,
हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते.