बाटली परत

सिंधरोटच्या वळणावर, आंब्याखाली एक खाट.
खाटेवर रताळू, मातीसकट,
तुरीच्या शेंगा, आणि उन्हाळ्यातल्या उरलेल्या
सात बाटल्या: चार छुंदा, तीन मेथांबा.

रताळू म्हणजे रताळं नव्हे,
हे पुण्याकडच्या पाहुण्यांना मी कापूनच दाखवते.
आतला जांभळा बघून म्हणतात, अगंबाई, हे तर कोनफळ!
मग घासाघीस करत नाहीत.

पाटी जयवंतने लिहिली, वर गुजरातीत, खाली मराठीत:
बाटली परत आणा, दहा रुपये कमी.
येतात बाटल्या. बहुतेक घासलेल्या,
एखादीला अजून हिंगाचा वास.
दांडिया बाजारच्या गुप्तेबाई मात्र
रिकामी कधी देत नसत.
मूठभर साखर, चार लवंगा,
एकदा नुसती सुतळी, "लागेल गं" म्हणून.

परवा त्यांचा मुलगा आला.
डिकीतून खोकं काढलं: एकोणीस बाटल्या, झाकणांसकट,
सगळ्या कोरड्या.
मी एकोणीस दाहे मांडायला लागले,
तर म्हणाला, राहू द्या.
अजून एक आहे घरी, ती नाही आणली.
तळाशी दोन फोडी आहेत तिच्यात,
थोडे मेथीचे दाणे.

छुंदा पुढे केला, तर नको म्हणाला.
शेंगा घेतल्या अर्धा किलो,
शेंगा सोलायच्या कशा ते विचारलं,
आणि वाऱ्याने उडू नये म्हणून
नोट रताळूखाली ठेवून गेला.

रात्री जयवंतने वही उघडली.
जमा, एकोणीस.
पेन थोडा वेळ तसंच धरून
खाली लिहिलं: येणे, एक.
मग ते खोडलं.