अर्धपोटी

खरड छाटणी सरली की मोहाडीत
बांधाबांधाला काड्यांचे ढीग.
पूर्वी एक काडी ओढली की काम संपायचं.

चंद्रभान गांगुर्डे आता त्या वाळवतो, बोटबोट तोडतो,
पिंपात ओततो,
हवा देतो मोजून, अर्धपोटी:
"पोटभर दिली तर नुसती राख.
उपाशी ठेवलं तर लाकूड बोलतं."

पहिल्या साली डांबरच बोललं.
फिल्टर तुंबले, इंजिन खोकलं,
कोल्ड स्टोरेजमध्ये सोनाकाचे क्रेट घामेजले;
आठवडाभर त्याच्या हातची तंबाखू
कुणी घेईना.

आज नळीच्या तोंडाशी पेटवलेली ज्योत
उन्हात दिसेचना.
त्याने तळहात जवळ नेला,
झटकन ओढला, फुंकला,
आणि त्याच हाताने खूण केली:
जोड इंजिनला.

बेदाण्याच्या शेडमधून कौसाबाई ओरडल्या,
"आमच्याकडे कधी ओढताय नळी?"