पासंग

बक्षीस समारंभ साडेनऊला होता.
तुर्भ्याच्या मार्केटात रात्रीची आवक मोजून
मी थेट शाळेत आलो,
शर्टाला कांद्याचा वास, म्हणून मागच्या रांगेत.
'शंभर टक्के हजेरी' असं माइकवर झालं
आणि सात नावं आली.
ईश्वरीचं नव्हतं.
मला ते माहीत होतं. तिलाही.
तरी दर नावाला ती किंचित उठल्यासारखी व्हायची,
मोजा वर ओढायची, पुन्हा टेकायची.

जुलैत कांजिण्या आल्या तेव्हा
शाळेनंच डायरीत लाल पेनने लिहिलं होतं:
खपल्या पडेपर्यंत पाल्यास पाठवू नये.
आम्ही पाठवलं नाही. अकरा दिवस.
तेच अकरा दिवस आता वजा झाले.

कोपरखैरण्याच्या रिक्षात ती आधी गप्प,
मग सेक्टर पंधराच्या नाक्याशी म्हणाली,
"नियम पाळला, म्हणून नियमात बसले नाही का मी?"

माझ्या तोंडात 'जाऊ दे' तयार होतं.
आयुष्यभर ते खिशात घेऊन फिरलोय
सुट्ट्या पैशांसारखं,
कुणी अडवलं की काढायचं, द्यायचं, पुढे जायचं.
या वेळी काढलं नाही.
तसलं मेडल वाशीला साठ रुपयांत मिळतं,
हेही मनात आलं.
तेही गिळलं.

सोमवारी दोघं गेलो.
डोंगरे बाईंसमोर चौपन्न वह्या
आणि साय धरलेला चहा.
"पटतंय हो मला," त्या म्हणाल्या,
"पण कॉम्प्युटरला दोनच कळतात. हजर. गैरहजर."
"आणि आजारी?" ईश्वरीनं विचारलं.
"तो रकानाच नाही, बाळा."
निदान खोटं बोलल्या नाहीत.

रात्री माळ्यावरून वडिलांचा तराजू काढला,
बाजार मशीद बंदरला होता तेव्हाचा.
"रिकामा धर. माल नंतर."
तिनं धरला. डावं पारडं खाली गेलं.
"बिघडलाय?"
"सगळेच थोडे झुकतात.
मापाड्यानं आधी रिकामा काटा बघायचा,
आणि जेवढी खोट, तेवढा पासंग
दुसऱ्या बाजूला बांधायचा."
तिनं खोडरबराचा तुकडा दोऱ्यानं बांधला,
कमी पडला, शार्पनर बांधलं,
तेव्हा कुठे काटा उभा राहिला.
मला वाटलं, समजलं पोरीला.
बाप म्हणून जरा फुगलोही.

ती काट्याकडेच बघत म्हणाली,
"पण शाळेच्या तराजूला कोण बांधणार?"

चाळीस वर्षांत दोन पिढ्यांनी
किती हजार गोण्या मोजल्या असतील आम्ही,
हे कुणी विचारलं नव्हतं.

मग अर्ज लिहिला. तिनंच.
'मा. मुख्याध्यापिका' मधला 'ध्या' दोनदा खोडला.
मागणी एकच: हजेरीत आणखी एक रकाना हवा,
'सांगितलं म्हणून घरी'.
पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी, असं मी सुचवलं.
"आणि या वर्षीच्या माझ्यासाठी," तिनं जोडलं.
मी अडवलं नाही.

पंधरा दिवस झाले. उत्तर आलेलं नाही.
अजून ती वेदिकाच्या मेडलचा विषय निघाला
की पाणी प्यायला उठते.
ते मी बघतो. काही बोलत नाही.
कधी मीही उठतो, तांब्या भरून ठेवतो.

काल तिच्या रफ वहीचं शेवटचं पान दिसलं.
पट्टीनं आखलेले अकरा चौकोन,
प्रत्येकात तारीख.
पहिला दिवस: ताप. हजर.
दुसरा: कडुलिंबाचा पाला. हजर.
तिसरा: खाजवलं नाही. हजर.
चौथा, पाचवा, तसेच.
सहाव्यात आधी लिहिलेलं काहीतरी खोडलं होतं,
आणि खाली, बारीक अक्षरात:
थोडं खाजवलं.