कडक पाक

दाणे मी भाजले.
लोखंडी तव्यात, मंद आचेवर, हात न थांबवता.
सुपात घेऊन ओसरीत पाखडले
तर सगळी फोलपटं उडून
यांच्या बनियनवर बसली.
यांनी झटकली नाहीत. म्हणाले,
गुळाचं माझ्याकडं लागलं.
वितळवायचं म्हणजे आपलाच धंदा.

तीस वर्षं सेलमला गलाई.
यात्रेला पंधरा दिवस घरी. विट्याच्या स्टँडवर उतरायचे,
बॅगेत मला नायलॉनची साडी, पोरांना रंगीत हलवा,
आणि झोपेत बोलायला एक भाषा
जी मला कळायची नाही.
तिकडं लोकांच्या मोडक्या बांगड्या, तुटक्या चेना,
कुणाकुणाची मंगळसूत्रं
मुशीत घालून पाणी करायचे.
माझ्या गळ्यात दोन वाट्या नि काळे मणी.
मी कधी विचारलं नाही.

आता कायमचे आलेत, दिवाळीपासून.
दिवसभर घरात माणूस असतं
याची मला अजून सवय नाही.

चिक्कीचा गूळ किसून कढईत टाकला.
कढईला हे मूस म्हणाले.
चष्मा काढला, वाकले, एक डोळा बारीक केला:
थांब, आता आरसा दिसंल.
चांदीला दिसत असेल.
गुळाला आधी फेस येतो,
मग वास येतो,
मग उशीर होतो.

मी पाण्याची वाटी घेऊन शेजारी उभी.
म्हटलं, थेंब टाकून बघा.
लागत नाही, रंगावर कळतं मला.
आणि उशिराच्या भीतीनं
लवकरच उतरवली.

पहिला घाणा रबरासारखा.
सुरी लावली की सुरीबरोबर यायचा.
तरी हट्टानं एक तुकडा तोंडात घातला,
चावला, ओढला,
तर वरची कवळीच चिक्कीला चिकटून बाहेर.

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली,
यांना बिनदाताचं मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं.
रात्री हे दिवा घालवून कवळी काढतात,
पहाटे माझ्याआधी उठून घालतात.
मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला.
यांनी माझ्याकडं पाहिलं
आणि हेही हसले, सगळ्या हिरड्यांनी,
पाळण्यातल्या पोरासारखे.
शेजारची हौसाक्का दारात येऊन म्हणाली, काय झालं गं?
काय नाही, म्हटलं. पाक चुकला.

दुसऱ्या घाण्याला वाटी यांनीच मागितली.
पहिला थेंब पाण्यात पसरला.
दुसऱ्याची गोळी झाली, पण बोटात दबली.
तिसरा उचलून वाटीच्या काठावर टाकला:
टण्.
तसेच थबकले.
हा आवाज त्यांचा ओळखीचा.
खोट नाही, म्हणाले हळूच,
गुळाला की मला, ते कळलं नाही.

मग बोलायला वेळ नव्हता.
चिमूटभर सोडा, दाणे, उलथन्याचे चार फेरे,
तूप लावलेल्या पाटावर ओतलं,
लाटणं मी फिरवलं, कड यांनी धरली.
ऊन असतानाच वड्या पाडल्या,
यांची रेघ माझ्यापेक्षा सरळ.

वड्या डब्यात भरून मी हात धुवून आले
तर हे खाली उकिडवे बसलेले.
केरसुणीचं टोक फरशीच्या सांध्यातून फिरवत
सगळा चुरा एका कागदावर घेत होते,
दाण्याची कणी, गुळाची काच, काही सोडत नव्हते.
तिकडं दुकानातली धूळसुद्धा झाडून ठेवायची,
साठली की जाळायची,
तिच्यातून सोनं निघायचं, हे म्हणाले.
ही फरशी त्या धुळीतलीच.
मला हे ठाऊक नव्हतं.
बारा वर्षं मी ही फरशी पुसते.

कागदाची पुडी बांधली, खिशात ठेवली.
दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरच्या शर्टाला
मुंग्यांची रांग लागली होती,
खिडकीपासून खिशापर्यंत, सरळ.
मी शर्ट झटकायला उचलला
आणि परत खुंटीला लावला.