काढणे

वाशी नाक्याची शाळा, तिसरा मजला, संगणक खोली.
यंत्रं चौदा, चालतात नऊ.
सात नंबरच्या कीबोर्डवर 'न' उमटत नाही,
म्हणून तिथे बसणाऱ्याला नाही म्हणता येत नाही,
असं पोरांचं म्हणणं.

फोटो सुधारायची ही साइट फुकट.
खातं नको, पैसे नकोत,
फक्त उजव्या कोपऱ्यात एक बाई दिवसभर
गालाला गोरेपणाचं क्रीम चोळत असते
आणि रोज तीनच फोटो सेव्ह होतात.
मुलं तिला क्रीमबाई म्हणतात. मला नुसतं बाई.

"आज फोटोतलं नको असलेलं काढायला शिकू," मी म्हणाले.
सुफियान म्हणाला, "फोटो तर काढलेलाच आहे.
आता परत काय काढायचं?"

खरंच की.
आपल्याकडे फोटोही काढतात, त्यातला डागही काढतात.
चित्र काढतात, कर्ज काढतात, दिवस काढतात.
एखादं पोर नाव काढतं,
एखाद्याचं नाव पटावरून काढतात.
हे मी फळ्यावर लिहिलं नाही. तास पस्तीस मिनिटांचा.

फोटो याच खोलीतला, माझ्या फोनवरचा:
सातवी ब, तीन रांगा, मागे भिंत,
भिंतीवर छतापासून उतरलेली ओल.
पोरं तिला आफ्रिका म्हणतात
(भूगोलाच्या तासाला एकदा उपयोगी पडली होती).

शिक्क्याचं चिन्ह दाबायचं.
चांगल्या जागेवर टिचकी मारून ती जागा उचलायची,
वाईटावर ठेवायची.
नऊ माऊस सरसर फिरायला लागले
आणि कस्तुरी लोखंडेनं हात वर केला,
जी जूनपासून एकदाही करत नाही.
"बाई, चांगली भिंत कुठून घेऊ?
आफ्रिका झाकेल एवढी नाहीये."

वाकून पाहिलं. नव्हती.
खिडकीपाशी वीतभर होती, तिथे मीटरची पेटी.
"अविराजचा शर्ट घे," सुफियान म्हणाला,
"नवाकोरा आहे, मामानं घेतलाय."
तिनं घेतला. शर्ट भिंतभर पसरला.
लांबून झकास.
जवळून बघितलं तर भिंतीला बटणं,
एका ठिकाणी खिसा.

मग कुणी आवरेना.
भाविका त्या दिवशी नव्हती,
आईला ताप, आईच्या घरची भांडी हिनं घासली,
म्हणजे आई जिथे कामाला जाते त्या घरची.
तिला स्नेहसंमेलनाच्या फोटोतून कापून आणलं,
मागच्या रांगेत उभं केलं.
सगळ्यांच्या सावल्या डावीकडे, तिची उजवीकडे.
"राहू दे," भाविका म्हणाली,
"मी आले असते तर दुपारीच आले असते."

संध्याकाळी दुरुस्तीचा अर्ज पाठवायचा होता,
वॉर्ड ऑफिसला, तिसऱ्यांदा, सोबत भिंतीचा फोटो.
दोन फाइली, नावात एका आकड्याचा फरक.
मी घाईत होते.

सोळा दिवसांनी उत्तर आलं, जावक क्रमांकासकट:
भिंत सुस्थितीत असल्याचे दिसून येते.
सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

वर्गात वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं बहुतेक.
पोरं बाकं बडवून हसली.
अविराज छाती काढून उभा राहिला,
"माझा शर्ट सरकारनं पास केला!"

कस्तुरी हसली नाही.
उठून भिंतीपाशी गेली, आफ्रिकेवरून बोट फिरवलं,
बोटाला आलेला चुना स्कर्टला पुसला.
मग जागेवर बसून जुना फोटो उघडला,
न सुधारलेला,
आणि मोठा करत गेली, दोनशे टक्के, चारशे,
क्रीमबाई कडेला सरकेपर्यंत,
पडदाभर नुसती ओल होईपर्यंत.
खाली टोकाला बुरशीचा हिरवा ठिपका होता.
वर्षभर त्या खोलीत शिकवते मी,
मला कधी दिसला नव्हता.

"बाई, याचा जवळून एक काढू?"

फोन दिला तिच्या हातात.
आजचे अजून दोन सेव्ह शिल्लक होते.