स्वयंपाकघरातून आवाज

पूर्णा जंक्शन, रेल्वेच्या जुन्या चाळीमागची गल्ली.
मुंजाजी खिल्लारे. वय त्यांच्या मते ब्याऐंशी,
कागदावर एकोणऐंशी.
रेकॉर्डर मी पत्र्याच्या पेटीवर ठेवला,
त्यांनी तो उचलून खाली रुमाल अंथरला.
"माझं काय घेता, मॅडम?
म्या काई गाडी चालवली नाई.
चालवनाऱ्याला उठवलं."

कॉलमन.
छोट्या लाईनच्या दिवसांत, कोळशाच्या इंजिनांच्या,
हातात कंदील, काखेत वही,
ज्याची ड्यूटी त्याच्या दारावर थाप.
उठला की त्यानं वहीत सही करायची, पुढं वेळ टाकायची.
मग परत डोळा लागला
तर कॉलमनवर बोल नाही.

माझे प्रश्न बत्तीस होते:
जन्म, शाळा, लग्न, असे ओळीनं.
ते मात्र दारादारानं चालले.
वाहेद ड्रायव्हर पहिल्या हाकेला "आया" म्हणायचा
आणि कूस बदलायचा.
नरसय्या फायरमनच्या दारावर थाप नाही,
दम्याची लेक नुकती झोपलेली असायची,
खिडकीच्या गजातून काठी घालून
त्याचा अंगठा हलवायचा.
पिंटोसाहेबांचं कुत्रं.
मग एका दाराशी ते थांबले.
इथं बावन्न सेकंद
नुसता पंखा, आणि लांब कुठं तरी शंटिंग.
"ह्याला म्या उठवला.
गाडी आली सकाळी. तो नाई आला."
नाव सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाले, ते पुसा.
मी पुसलं.
मला ते पाठ आहे.

निघताना संमतीपत्रावर सही केली
आणि सवयीनं पुढं वेळ टाकली,
अकरा चाळीस.

परभणीला, रात्री, कानाला हेडफोन.
एकोणिसाव्या मिनिटाला मी विचारते,
"आणि तुम्हाला कोण उठवायचं?"
"आपोआप जाग यायची."
त्यावर, भांड्यांच्या आडून, काही तरी.
मी टाइप केलं: (स्वयंपाकघरातून आवाज).
दोन ओळी पुढं गेले.
मागं आले. आवाज वाढवला.
"आपोआप म्हनं."

सकाळी मीच तर म्हटलं होतं,
मावशी, जरा भांडी नंतर घासाल का,
रेकॉर्डिंगमध्ये येतंय.

पुढच्या गुरुवारी रेकॉर्डर ओट्यावर,
पिठाच्या डब्याशेजारी.
धुरपताबाई भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत.
"त्यांची पाळी रात्री बाराची.
घड्याळ कुठलं आलं?
मालगाडीवर ध्यान ठेवायची,
पर ती येळेवर आली तर मालगाडी कसली.
मंग बाभळीचं लाकूड. एकाच मापाचं, हातभर.
निजानिज झाली की चुलीत सरकवायचं.
राख झालं की त्यांना हलवायचं.
पावसाळ्यात लाकूड वलं, म्हनून अंदाज येगळा.
वला अंदाज, वाळला अंदाज."
मी विचारलं, किती वर्षं?
त्यांनी भाकरी उलटली.
"रिटायर झाल्यावर बी वरीसभर जाग यायची की.
अंधारात बसून राहायची."
बत्तीस प्रश्नांतला एकही
मला त्या दिवशी वापरता आला नाही.

कंस मी काढला नाही. त्यात नाव घातलं.
(धुरपताबाई, स्वयंपाकघरातून: आपोआप म्हनं.)

विहाराच्या हॉलमध्ये एका रविवारी
दोन्ही ऐकवलं. खुर्च्या पन्नास, माणसं तीसेक,
स्पीकर मध्येच खरखरणारा.
वाहेद ड्रायव्हरचा नातू पार नांदेडहून आला होता,
आजोबांचं "आया" आलं तेव्हा मोठ्यानं हसला
आणि मग बराच वेळ खाली बघत राहिला.
लाकडाचा भाग सुरू झाला तेव्हा
पुढच्या रांगेत मुंजाजींची मान कलली होती.
कुणी तरी त्यांच्या खांद्याकडे हात नेला.
"ऱ्हाऊ द्या," धुरपताबाई म्हणाल्या,
"आज पाळी नाई."